ॲल्युमिनियमची मासेमारी नौका : काल व नमुना यांची निश्चिती

ॲल्युमिनियमाच्या पत्र्यापासून बनविलेल्या छोट्या मासेमारी नौकेचे वय, तिचा निर्माता आणि त्याने काढलेल्या नौकांपैकी तिचा नेमका नमुना ही तिच्या अंगावरील खुणांवरून व उपलब्ध कागदपत्रांवरून ठरविण्याची पद्धती. जुन्या नौकेवर किती माणसे बसवावीत, तिला किती शक्तीचे एंजिन लावावे व तिच्या मालकीचा पुरावा कोणता मानावा, हे प्रश्न तिचे वय व नमुना कळल्याखेरीज नीट सुटत नाहीत. याशिवाय आणखी एक कारण आहे. ॲल्युमिनियम पुन्हा वितळवून वापरता येते व मोडीत त्याला चांगला भाव मिळतो. त्यामुळे ओळख न पटलेली जुनी नौका बहुधा वजनावर विकली जाते आणि तिच्याबरोबर तिचा इतिहासही भट्टीत जातो. लाकडी नौका कुजत पडली, तरी तिचे काही अवशेष मागे राहतात. धातूच्या नौकेचे तेवढेही राहत नाही.

लाकडी नौकेचे वय काढण्याची साधने लाकडातच असतात. बाभुळगाव (यवतमाळ जिल्हा) हे बेंबळा नदीच्या खोऱ्यातील तालुक्याचे ठिकाण असून याच तालुक्यात खडकसावंगा येथे बेंबळा प्रकल्पाचे धरण आहे. बेंबळा ही वर्धा नदीची उपनदी होय. विदर्भातील अशा नद्यांवर व तलावांवर भोई, ढिवर, कहार इ. समाजांचे मच्छीमार खोड कोरून वा फळ्या जोडून केलेला डोंगा वापरीत आले आहेत. यवतमाळ जिल्ह्यातील जंगले सागासाठी प्रसिद्ध आहेत आणि उष्ण प्रदेशातील ज्या थोड्या वृक्षांत वार्षिक वलये स्पष्ट दिसतात, त्यांत साग मोडतो. सागाच्या जाड फळीवरील वलये मोजून झाडाचे वय व अनुकूल परिस्थितीत ते तोडल्याचा काळ काढता येतो. काही शतके जुन्या लाकडास किरणोत्सर्गी कार्बन पद्धती लावता येते. केरळातील तैक्कल येथे उत्खननात सापडलेल्या लाकडी नौकेच्या बाबतीत तिचा उपयोग करण्यात आला. अर्थात दोन्ही पद्धतींनी कळते ते लाकडाचे वय. नौका केव्हा बांधली ते नव्हे. जुन्या नौकेच्या फळ्या नव्या नौकेत वापरण्याची चाल सर्वत्र आढळते.

ॲल्युमिनियमात वलये नाहीत आणि मोजण्याजोगा सेंद्रिय कार्बनही नाही. लोखंडाच्या बाबतीत गंजाची खोली पाहून काही ढोबळ अंदाज बांधता येतो, पण येथे तोही मार्ग बंद आहे. ॲल्युमिनियमाचा ताजा पृष्ठभाग हवेत उघडा पडताच त्यावर ऑक्साइडाचा अतिशय पातळ व चिवट थर तयार होतो आणि तो आतील धातूचे रक्षण करतो. गोड्या पाण्यात वापरलेली व सावलीत ठेवलेली पन्नास वर्षांची नौका आणि दहा वर्षांची नौका पत्र्यावरून वेगळ्या ओळखता येतीलच असे नाही. उलट खाऱ्या पाण्यात, तांब्याच्या खिळ्याशेजारी, नवा पत्राही थोड्या वर्षांत चाळणीसारखा होतो. म्हणून अशा नौकेचे वय धातूच्या अवस्थेवरून न काढता धातूच्या व नौकाबांधणीच्या इतिहासावरून काढावे लागते. कोणता मिश्रधातू, कोणता जोड, कोणता क्रमांक केव्हापासून प्रचारात आला हे माहीत असेल, तरच नौकेवरील खुणा वाचता येतात.

इतिहास : अमेरिकेत चार्ल्स मार्टिन हॉल व फ्रान्समध्ये पॉल एरू यांनी १८८६ मध्ये विद्युत् विच्छेदनाने ॲल्युमिनियम मिळविण्याची पद्धत स्वतंत्रपणे शोधून काढली. तोपर्यंत ही धातू जवळजवळ दागिन्यांच्या मोलाची होती. किंमत उतरताच नौका बांधणाऱ्यांचे तिच्याकडे लक्ष गेले, कारण तिची घनता २·७ म्हणजे पोलादाच्या जवळजवळ एकतृतीयांश आहे. झुरिक येथील एशर विस या कारखान्याने १८९० नंतर लवकरच ॲल्युमिनियमाची लहान नौका पाण्यात उतरविली. आरंभीचे प्रयोग मात्र महागात पडले. अमेरिकाज कप या शर्यतीसाठी १८९५ मध्ये बांधलेल्या ‘डिफेंडर’ या शिडाच्या नौकेचा पाण्याखालील भाग काशाचा, वरचा ॲल्युमिनियमाचा व फासळ्या पोलादाच्या होत्या. तिने शर्यत जिंकली. पण समुद्राच्या पाण्यात या तीन धातूंचा मिळून विद्युत् घटच तयार झाला, ॲल्युमिनियम झिजत गेले आणि १९०१ मध्ये नौका मोडून टाकावी लागली. जर्मनीत आल्फ्रेट व्हिल्म यांनी शोधलेला ड्युरॅल्युमीन हा तांबेयुक्त मिश्रधातू विमानांना उपयोगी पडला, परंतु तांब्यामुळेच तो खाऱ्या पाण्यात टिकेना. नौकांना खरा उपयोगी ठरला तो मॅग्नेशियमयुक्त मिश्रधातूंचा वर्ग. १९३० च्या सुमारास इंग्लंडमध्ये ‘बर्माब्राइट’ या नावाने असा मिश्रधातू प्रचारात आला व त्यापासून १९३१ मध्ये ‘डायना–२’ ही नौका बांधण्यात आली.

सामान्य मच्छीमाराच्या हाती ॲल्युमिनियमची नौका आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. युद्धकाळात अमेरिकेतील ॲल्युमिनियमाचे उत्पादन विमानांसाठी प्रचंड वाढले होते. १९४५ मध्ये मागणी एकदम थांबली. पत्रा, दाबयंत्रे आणि रिव्हेट ठोकण्यात तरबेज झालेले कामगार रिकामे पडले. ग्रुमन या विमान कंपनीचे उपाध्यक्ष विल्यम हॉफमन यांना १९४४ मध्ये ॲडिरॉनडॅक डोंगराळ प्रदेशातील सहलीत जड लाकडी कनू (वल्ह्यांची निमुळती होडी) खांद्यावरून वाहून न्यावी लागली व त्यातून धातूच्या कनूची कल्पना निघाली, असे सांगितले जाते. कंपनीने १९४५ मध्ये तिचे उत्पादन सुरू केले. पत्रा ताणून साच्यावर बसवून नौकेचे डावे व उजवे असे दोन अर्धे भाग करावयाचे आणि ते तळाच्या कण्यावर (पठाणावर) रिव्हेटांनी जोडावयाचे, ही तिची रीत. सुमारे ५·२ मी. लांबीची कनू ३४ किग्रॅ.च्या आसपास भरे. दोघांना ती सहज उचलता येई. मिनेसोटा राज्यात ॲल्युमाक्राफ्ट व क्रेस्टलायनर यांनी १९४६ च्या सुमारास धातूच्या नौका काढल्या. हॉवर्ड लुंड यांनी १९४८ मध्ये न्यूयॉर्क मिल्स या मिनेसोटातील गावी स्वतःच्या वापरासाठी केलेल्या नौकेतून लुंड हा उद्योग उभा राहिला. विस्कॉन्सिनमधील मिरो ही मुळात स्वयंपाकाची भांडी करणारी कंपनी. तीही १९५० नंतरच्या दशकात नौकांकडे वळली.

भारतात ही धातू उलट नौकांकडे न जाता भांड्यांकडेच राहिली. आल्फ्रेड चॅटर्टन यांनी १८९८ मध्ये मद्रासच्या कलाशाळेत ॲल्युमिनियमची भांडी करण्यास आरंभ केला. देशात धातूचे उत्पादन १९४३ मध्ये केरळातील आलुवा (आलुवाय) येथे इंडियन ॲल्युमिनियम कंपनीने सुरू केले. याच कंपनीचा बेळगावचा प्रकल्प १९७० च्या सुमारास चालू झाला. मासेमारीत ॲल्युमिनियम प्रथम शिरले ते नौकेचा सांगाडा म्हणून नव्हे, तर लाकडी नौकेचे कवच म्हणून. समुद्रातील लाकूड पोखरणाऱ्या प्राण्यांपासून बचावासाठी पूर्वी तांब्याचा पत्रा मारीत. तो महाग पडू लागल्यावर मॅग्नेशियमयुक्त ॲल्युमिनियमाचा पत्रा पुढे आला. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या कोचीन (कोची) येथील केंद्रीय मत्स्यव्यवसाय तंत्रविज्ञान संस्थेने या विषयावर संशोधन केले. त्यामुळे भारतीय किनाऱ्यावर ‘ॲल्युमिनियमची जुनी होडी’ म्हणून दाखविली जाणारी वस्तू आतून लाकडी आहे काय, हे प्रथम पाहणे जरूर असते. पत्रा कोठेतरी उचकटलेला असतोच; तेथून फळीची कड दिसते आणि बोटाने ठोकल्यास आवाजही बद्द येतो.

क्रमांक व पट्ट्या : नौकेवर क्रमांक सापडला म्हणजे प्रश्न सुटला असे वाटते, परंतु तो कोणता क्रमांक आहे यावर सर्व अवलंबून असते. अमेरिकेतील नौकांच्या नाळेशी दोन्ही बाजूंना रंगविलेला क्रमांक हा नोंदणीचा असतो. १९५८ च्या संघीय कायद्यानुसार १० अश्वशक्तीपेक्षा अधिक शक्तीच्या एंजिनाच्या नौकांना राज्यांमार्फत क्रमांक देण्याची व्यवस्था झाली व राज्याची दोन अक्षरे आरंभी येऊ लागली. तो मालकाचा धागा देतो, बांधणीचे वर्ष देत नाही. बांधणीचे वर्ष सांगणारा नौका-ओळखक्रमांक १९७१ च्या नौकासुरक्षा कायद्याखालील नियमांनी १ नोव्हेंबर १९७२ पासून सक्तीचा झाला. तो बारा अक्षर-अंकांचा असून पिछाडीच्या आडव्या भागावर बाहेरून उजव्या हाताला, वरच्या कडेजवळ ठोकलेला असतो. पहिली तीन रोमन अक्षरे निर्मात्याची, पुढील पाच कारखान्याच्या अनुक्रमांकाची व शेवटची चार कालाची. या शेवटच्या चारांच्या वाचनातच बहुतेकांची गफलत होते, कारण त्यांची रीत दोनदा-तीनदा बदलली आहे. आरंभीच्या रीतींपैकी एकीत महिना व वर्ष सरळ अंकांनी देत. दुसरीत एम हे अक्षर, मागोमाग नमुना-वर्षाचे दोन अंक व शेवटी महिन्याचे अक्षर येई; मात्र यातील ए म्हणजे जानेवारी नसून ऑगस्ट होय, कारण नौका-उद्योगाचे नमुना-वर्ष ऑगस्टपासून मोजीत. ‘एम ७५ डी’ ही नौका त्यामुळे १९७५ च्या एप्रिलातील नसून नोव्हेंबर १९७४ मधील ठरते. ऑगस्ट १९८४ पासून तिसरी रीत सक्तीची झाली : महिन्याचे अक्षर (येथे ए म्हणजे जानेवारी), बांधणीच्या वर्षाचा शेवटचा अंक व नमुना-वर्षाचे दोन अंक. ‘के ५८६’ याचा अर्थ नोव्हेंबर १९८५ मध्ये बांधलेली, १९८६ च्या नमुन्याची नौका. याच सुमारास हाच क्रमांक दुसऱ्या एका झाकलेल्या जागीही ठोकण्याचा नियम झाला. दोन्ही ठिकाणचे क्रमांक जुळत नसतील, तर पिछाडीचा भाग बदललेला आहे किंवा प्रकरण चोरीचे आहे, अशी शंका घ्यावी लागते.

ओळखक्रमांक मुळातच नसेल आणि तो कोरून काढल्याच्या खुणाही नसतील, तर नौका बहुधा १९७२ पूर्वीची असते. एंजिनाची कमाल शक्ती व भार सांगणारी पट्टी या कामी साह्य करते. पण अशा पट्ट्या सरकारी नियमाच्या आधीही उद्योगसंघटना देत असत, तेव्हा पट्टीवर कोणाचे नाव आहे हे वाचले पाहिजे. पट्टी चार रिव्हेटांनी बसविलेली असल्याने ती एका नौकेवरून काढून दुसरीवर लावता येते. पट्टीभोवतीचा रंग अखंड आहे की तुटलेला, तिचे रिव्हेट शेजारच्या रिव्हेटांसारखे आहेत की वेगळे, हे पाहिल्याशिवाय तिची साक्ष ग्राह्य धरू नये.

रंगाच्या थरांखाली बुजलेला क्रमांक वाचण्यासाठी तिरपा प्रकाश टाकतात किंवा वर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिलीने घासतात. पोलादी तारेचा ब्रश किंवा कॉस्टिक सोडा वापरू नये. सोड्याने रंगाबरोबर ॲल्युमिनियमही विरघळते आणि जी अक्षरे वाचावयाची तीच नाहीशी होतात. अनेक जुन्या नौकांचे क्रमांक अशा उत्साही साफसफाईत गेले आहेत.

जोड व मिश्रधातू : क्रमांक नसलेल्या नौकेत सर्वांत बोलका भाग म्हणजे पत्र्यांचा जोड. ॲल्युमिनियमाचे वितळजोडकाम पूर्वी फार अवघड होते, कारण ऑक्साइडाचा थर धातूपेक्षा कितीतरी अधिक तापमानाला वितळतो. निष्क्रिय वायूच्या आवरणात विद्युत् प्रज्योतीने जोडण्याची पद्धत अमेरिकेत १९४० नंतरच्या दशकात विकसित झाली व नौकांच्या कारखान्यांत ती त्यानंतर आली. मूळ बांधणीतच वितळजोड असलेली नौका म्हणून युद्धपूर्व काळातील धरता येत नाही. याचा व्यत्यास मात्र खरा नाही. रिव्हेटांची पद्धत आजही चालू आहे. त्यामुळे रिव्हेट पाहून नौका जुनी ठरविणे निराधार होय. रिव्हेटांची जात तेवढी पाहावी. कारखान्यात दोन्ही बाजूंनी ठोकून बसविलेले भरीव रिव्हेट मूळचे. एका बाजूनेच ओढून बसविलेले पोकळ रिव्हेट सामान्यतः दुरुस्तीचे असतात. भोवती तांबूस डाग दिसल्यास कोणीतरी लोखंडी खिळा वा बोल्ट मारला आहे असे समजावे.

पत्र्यावर कधीकधी मिश्रधातूचा छाप मिळतो. अमेरिकेत १९५४ मध्ये चार अंकी पद्धत स्वीकारली गेली. ५२ एस याचा ५०५२, तर ६१ एस याचा ६०६१ झाला. अमेरिकन पत्र्यावर जुना छाप असेल, तर तो पत्रा साधारणपणे त्या सुमाराच्या आधीचा ठरतो. हाच नियम भारतात लावणे मात्र चुकीचे आहे. येथील उद्योगाचा संबंध कॅनडाच्या कंपनीशी असल्याने तिची एस-अक्षरी नावे १९५४ नंतरही दीर्घकाळ प्रचारात राहिली. किनाऱ्यावरील कवचाच्या पत्र्याला ५७ एस या नावानेच ओळखीत. एकच छाप एका देशात जुनेपणाचा पुरावा, तर दुसऱ्या देशात नुसती व्यापारी सवय ठरतो.

नमुना : नमुना ओळखताना नौकेची एकूण लांबी, कमाल रुंदी, पिछाडीची उंची, बाकांची व फासळ्यांची संख्या, तळाला दाबून काढलेल्या पन्हळींची संख्या आणि कोपऱ्यांवरील ओतीव तुकड्यांचा आकार यांची नोंद करून ती निर्मात्याच्या जुन्या विक्रीपत्रकांशी ताडून पाहतात. येथे एक गोष्ट विसरली जाते. ताणदाबाचे साचे अतिशय खर्चाचे असल्याने ते वर्षानुवर्षे वापरले जात. कंपनी बंद पडली, तरी साचे दुसऱ्याकडे जाऊन तीच नौका नव्या नावाने निघे. ग्रुमनच्या कनूच्या बाबतीत तसेच घडले. त्यामुळे सांगाड्याच्या आकारावरून निर्माता कळतो, वर्ष कळत नाही. वर्ष कळते ते दरवर्षी बदलणाऱ्या किरकोळ वस्तूंवरून : नाळेवरील दिव्याचे घर, नावाच्या चिकटपट्टीची अक्षररचना, हाताच्या कड्या, रंगाची छटा, बाकाखालील तरंगसाधन. पूर्वी बाकाखाली हवाबंद पोकळी ठेवीत, पुढे तेथे फेसाळ प्लॅस्टिक आले. १९५० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धातील काही अमेरिकन नौकांना त्या काळच्या मोटारगाड्यांप्रमाणे मागे पंखे काढलेले दिसतात. मासे पकडण्यास त्यांचा काहीच उपयोग नव्हता, पण कालनिश्चितीस तो झाला आहे.

एंजिनावरून नौकेचे वय ठरविणे ही सर्वांत प्रचलित व सर्वांत फसवी रीत होय. पिछाडीला टांगावयाचे एंजिन दोन स्क्रूंवर बसते व दोन मिनिटांत निघते. १९५५ चे एंजिन १९७० च्या नौकेवर आणि त्याच्या उलटही सर्रास आढळते. पिछाडीच्या फळीवर स्क्रूंच्या दाबाचे ठसे किती ठिकाणी उमटले आहेत, ते पाहिल्यास एंजिने किती वेळा बदलली याची कल्पना येते.

महाराष्ट्रातील नोंदी : किनाऱ्यावर महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ अन्वये परवाना लागतो. २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर मासेमारी नौकांची नोंदणी देशभर एकसारखी करण्यात आली व ‘आयएनडी–एमएच’ या अक्षरांनी सुरू होणारे क्रमांक आले. असा क्रमांक नौकेच्या जन्माचा नव्हे, नव्या नोंदणीचा काल दाखवितो. चाळीस वर्षांच्या नौकेवरही तो असू शकतो. जुन्या परवान्यातील मापे व सहकारी संस्थेची कर्जप्रकरणे हीच तेथे अधिक विश्वसनीय साधने होत.

बाभुळगावसारख्या अंतर्भागात हीही सोय नव्हती. अंतर्देशीय जलयानांचा १९१७ चा अधिनियम यंत्रचलित जलयानांपुरता होता. वल्ह्याने चालणाऱ्या डोंग्याला वा होडीला त्यात स्थान नव्हते. राज्यातील जलाशयांवर मासेमारीचा ठेका बहुधा मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांना दिला जातो; त्यामुळे नौकाखरेदीचा उल्लेख असलाच, तर तो संस्थेच्या इतिवृत्तात, जडवस्तू-नोंदवहीत किंवा लेखापरीक्षणाच्या अहवालात सापडतो. नोंद अनेकदा ‘होडी, नग १’ एवढीच असते. तरीही तीत तारीख व किंमत असते आणि त्या किमतीवरून नौका लाकडी होती की धातूची, नवी होती की वापरलेली, याचा तर्क करता येतो. संस्था अवसायनात निघाल्यास दप्तर निबंधकाकडे जाते; तेथेही ते पाहण्याजोगे असते.

१९१७ च्या अधिनियमाची जागा घेणाऱ्या अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ मध्ये यंत्राविना चालणाऱ्या जलयानांचीही जिल्हा, तालुका वा ग्रामपातळीवर नोंद करण्याची तरतूद आहे. अशा नोंदीत लांबी, रुंदी व पिछाडीची उंची, पत्र्याचा जोड, अंगावरील प्रत्येक अंक जसाच्या तसा, पिछाडीच्या उजव्या कोपऱ्याचे छायाचित्र आणि आधीच्या मालकाचे नाव एवढे उतरले, तर नौका पुढे मोडीत गेली तरी तिचा काल व नमुना ठरविता येईल.